मदत हवी आहे: पीएस २ (प्लेस्टेशन २) च्या लाइट गनचा नेम डावीकडे जातोय

मंडळी, गनकॉन २ (टीव्हीवर नेम धरून मारायची गेमची बंदूक) वापरलेलं कोणी आहे का इथे? लहानपणी टीव्ही गेमवर बदकं मारायचो, ती खाज अजून गेली नाही म्हणून पीएस २ साठी ही गन घेतली. एलसीडीवर चालत नाही हे माहीत होतं (पिक्चर ट्यूबचा किरण कधी समोरून गेला त्यावरूनच तिला नेम कळतो), मग मामाकडचा २१ इंची डबा टीव्ही उचलून आणला, कंबरेची वाट लागली ते वेगळंच. यूएसबी लावली, पिवळी व्हिडिओ पिनही गनच्या जोडातून टीव्हीला दिली.

आता टाइम क्रायसिस २ या गेममध्ये कॅलिब्रेशनला (नेम जुळवायला) मधोमध मारतो, ते घेतंही, पण खेळताना गोळी चार बोटं डावीकडे आणि उजव्या कडेचा माणूस तर लागतच नाही. ब्राइटनेस फुल, ट्यूबलाइट बंद, खिडकीला चादर, सहा फुटांवरून पण मारून बघितलं, फरक शून्य. मला टीव्हीचाच संशय येतोय, कारण स्कोअरचे आकडे पण कडेला अर्धे कापले जातात. टीव्हीच्या सर्व्हिस मेनूत (मेकॅनिकसाठीच्या लपवलेल्या सेटिंगमध्ये) जाऊन पिक्चर आडवा सरकवला तर जमेल का? की गेमचा पिक्चर ५० ऐवजी ६० हर्ट्झ करून बघू? बायको म्हणते तुझा नेमच वाकडा, तर लवकर सांगा राव.