कंटेनरमधील फ्लास्क ॲप ब्राउझरमध्ये का उघडत नाही?

प्रश्न (इंदूर): नमस्कार. राजवाड्याजवळच्या आमच्या कापडाच्या दुकानाच्या हिशेबासाठी मी फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब ॲप लिहिण्याचे साधन) एक लहान ॲप लिहिले असून ते पोस्टग्रेस या डेटाबेससह डॉकर कंपोजने (प्रत्येक सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त कप्प्यात, चालवणारे साधन) लॅपटॉपवर चालवतो. कंटेनरचा पोर्ट ५००० लॅपटॉपच्या पोर्टला जोडलेला आहे, लॉगमध्ये सर्व्हर सुरू झाल्याचेही दिसते. तरी ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. शिवाय पहिल्या वेळी डेटाबेसची जोडणी नाकारली जाऊन ॲप बंद पडते, पण पुन्हा चालवले की ती जुळते.

उत्तर (ग्वाल्हेर): लॉगमधील पत्ता पाहावा. तो १२७.०.०.१ असेल, तर ॲप फक्त कंटेनरच्या आतून आलेल्या विनंत्या ऐकत आहे आणि आपला ब्राउझर बाहेर उभा आहे. ॲप सुरू करताना होस्ट ०.०.०.० द्यावा, म्हणजे ते बाहेरून आलेल्या विनंत्याही ऐकेल.

उत्तर (वडोदरा): दुसऱ्या अडचणीचे मूळ वेगळे आहे. कंपोजमधील नुसते ‘डिपेंड्स ऑन’ (कोणती सेवा कोणानंतर सुरू करायची ते सांगणारी नोंद) एवढेच पाहते की डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला. आतील पोस्टग्रेस जोडणी घेण्यास तयार आहे की नाही, हे ते पाहत नाही, आणि पहिल्या वेळी तर त्याला डेटाची सगळी मांडणी करायची असते. डेटाबेसच्या सेवेला ‘पीजी-इज-रेडी’ (पोस्टग्रेस तयार आहे का हे विचारणारी आज्ञा) वापरणारी हेल्थचेक, म्हणजे तपासणी, लावून ॲपच्या ‘डिपेंड्स ऑन’मध्ये ‘सर्व्हिस हेल्दी’ ही अट घालावी, म्हणजे ती तपासणी पार होईपर्यंत ॲप थांबेल. ॲप सुरू होण्याआधी काही सेकंदांचा ‘स्लीप’ (नुसते थांबणे) टाकण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. मला तो अंदाजपंचे वाटतो.

प्रश्नकर्ता: पत्ता १२७.०.०.१ हाच होता. बदलताच पान उघडले. हेल्थचेक लावल्यावर डेटाबेसचा जुना व्हॉल्यूम (साठवलेला डेटा) काढून नव्याने चालवले, तेव्हाही जोडणी पहिल्याच वेळी झाली. दोघांचे आभार.