शब्द हवा : व्हिसाची 'मुदत', 'वैधता' की आणखी काही?

शनवारकर :
मावशी आणि काका कोथरूडला असतात. मुलगा अमेरिकेचा नागरिक. त्याने केलेला अर्ज मंजूर होऊन दोघांच्या पासपोर्टावर इमिग्रंट व्हिसा चिकटून आलाय. सूचना इंग्रजीत, म्हणून मी त्यांना पानभर मराठीत लिहून दिलं. त्यात एक वाक्य : 'व्हिसाची मुदत सहा महिने.' काका म्हणाले, "म्हणजे गेल्यापासून सहा महिने राहायचं ना? मग दिवाळी करूनच निघू." व्हिसावरची तारीख ऑक्टोबरअखेरची आहे!
त्यांचंही बरोबर आहे म्हणा. पूर्वी पर्यटक व्हिसावर गेले, तेव्हा व्हिसा दहा वर्षांचा आणि राहायला मिळाले सहा महिने. इथे सहा महिने आहेत ते आत शिरायला. एकदा शिरलं की कायमचे रहिवासी. तर या 'शिरायच्या शेवटच्या तारखे'ला सुटसुटीत शब्द काय? 'वैधता' सुचवू नका, असले शब्द काका गाळून पुढे वाचतात.

गरवारेपूल :
'वैधता' नकोच. वैध म्हणजे विधीला धरून. जात वैधता प्रमाणपत्र असतं, ते काय दर वर्षी संपतं? मोबाइल रिचार्जवाल्यांनी '२८ दिवस वैधता' करून ठेवलंय, त्याची ही फळं.

तात्याविंचवेकर :
'मुदत' तरी आपला कुठे? अरबी 'मुद्दत'. सरळ 'अवधी' लिहा. सावरकरांचा 'दिनांक' आज प्रत्येक अर्जावर आहेच की.

गरवारेपूल :
तात्या, 'अर्ज' कुठला हो?

नर्मदातीर :
आमच्या लहानपणी टायफॉइडला 'मुदतीचा ताप' म्हणत. मुदत भरल्याशिवाय उतरायचा नाही. मुदतठेवीचीही मुदत भरते. पण टेंडरची मुदत संपते. पहिलीत काळ पुरा होऊ द्यायचा, दुसरीत त्याच्या आत काम उरकायचं. शब्द तोच, क्रियापदाने अर्थ फिरतो. शनवारकरांनी क्रियापदच लिहिलं नाही, काकांनी मनाने 'भरते' घातलं.

शनवारकर :
हे भारी आहे! पण काकांना शब्द काय देऊ?

बे_एरियातला_पुणेकर :
शब्दाचं नंतर बघा, आधी तिकीट काढा. सहा महिने ही सर्वसाधारण कमाल आहे. तारीख मेडिकलशी बांधलेली असते आणि मेडिकल व्हिसाच्या आधी झालेलं, म्हणून हातात येईपर्यंत त्यातले काही आठवडे गेलेलेच असतात. काही जणांचं मेडिकल तर तीनच महिने चालतं. छापलेल्या तारखेला किंवा आधी अमेरिकेत उतरायला हवं. त्या दिवशी पुण्याहून निघून उपयोग नाही.

शनवारकर :
लक्ष्मी रोडवरच्या एका एजंटने काकांना सांगितलंय, फॉर्म भरला की मुदतवाढ मिळते.

बे_एरियातला_पुणेकर :
ती पर्यटकाच्या मुक्कामाला, आय-५३९ भरून. इमिग्रंट व्हिसाला मुदतवाढ हा प्रकारच नाही. जाणं जमत नसेल तर कॉन्सुलेटला कळवायचं. ते नव्याने व्हिसा देऊ शकतात, पण फी पुन्हा भरायची (कौटुंबिक प्रकारात माणशी ३२५ डॉलर) आणि मेडिकल संपलं असेल तर तेही पुन्हा. नागरिकाच्या आईवडिलांच्या व्हिसांना वार्षिक संख्येची मर्यादा (कोटा) नाही, एवढं बरं. भावंडांच्या प्रकारात ती असते, म्हणून आपल्या हाताबाहेरचं कारण दाखवावं लागतं, आणि बदली व्हिसा अमेरिकेच्या त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत.

तात्याविंचवेकर :
'बदली व्हिसा' काय? कामगार आहे का तो? 'पुनर्निर्गमित प्रवेशपरवाना' म्हणा.

गरवारेपूल :
आणि 'परवाना' फारसी. तात्या, आज तुमचा दिवस नाही.

जुन्नरी :
'दुबार व्हिसा' म्हणा की राव. पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, बियाण्याचे पैसे पुन्हा. गावात सांगितलं तर एका दमात कळेल.

नर्मदातीर :
दुबार! मला आवडला.

तात्याविंचवेकर :
मतदारयादीतही दुबार नावं असतात. तिथे दोन्ही एकदमच हजर. इथे पहिला बाद झाल्यावर दुसरा येतो. 'दुबार' चुकीचा.

बे_एरियातला_पुणेकर :
गंमत सांगू? आत शिरताना शिक्का बसला की हाच व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो, छापलेली तारीख उलटून गेली तरी. व्हिसावर तसं लिहिलेलंच असतं.

नर्मदातीर :
म्हणजे संपलेला असून चालतो. मग 'संपला' म्हणावं का?

गरवारेपूल :
'उलटली' म्हणा. तारीख उलटते, व्हिसा नाही.

शनवारकर :
शेवटी लाल पेनने लिहिलं : '३० ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेत पोचणे.' आता काका विचारतायत, 'पर्यंत' म्हणजे तो दिवस धरून की सोडून?

जुन्नरी :
धरून! लोणावळ्यापर्यंतचं तिकीट काढून मळवलीला उतरता का?

बे_एरियातला_पुणेकर :
व्हिसाच्या बाबतीतही धरूनच. पण ऐन दिवशीचं विमान घेऊ नका, उशीर झाला की संपलं.

तात्याविंचवेकर :
तिकीट हे स्थळाचं उदाहरण झालं, काळाचं नव्हे. 'पाच वाजेपर्यंत थांबतो' म्हणणारा पाच वाजता असतो की गेलेला असतो?

गरवारेपूल :
पुण्यात? पावणेपाचलाच शटर खाली.

जुन्नरी :
आता दुकानदारांवर नका घसरू, वेगळा धागा काढा.