डापाग्लिफ्लोझिननंतर क्रिएटिनिन वाढलं, गोळी बंद करू का?

बार्शीकडे फिजिशियन आहे. 58 वर्षांचे शेतकरी, बारा वर्षांची शुगर, लघवीत प्रोटीन भरपूर. तीन आठवड्यांपूर्वी डापाग्लिफ्लोझिन 10 मिग्रॅ (शुगर उतरवणारी, किडनी जपणारी गोळी) सुरू केली. काल क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) 1.6 वरून 1.8, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) 50 वरून 43. मुलगा रिपोर्ट हातात घेऊन म्हणतो, "डॉक्टर, तुमच्या गोळीनं किडनी बिघडली." रात्रभर झोप नाही.

उत्तर 1 (नेफ्रॉलॉजिस्ट, पुणे):
डॉक्टर, गोळी चालू ठेवा. ईजीएफआरमधली ही घट अपेक्षितच आहे. किडनीच्या गाळणीच्या आतला दाब उतरतो, म्हणून आकडा थोडा खाली येतो आणि पुढे तोच कमी दाब किडनी जपतो. तुमची घट 14 टक्के आहे. 30 टक्क्यांच्या वर गेली तर पाणी कमी पडतंय का, लघवीच्या गोळ्या जास्त होताहेत का, ते बघा. किडनीच्या जुन्या आजारात हीच गोळी तपासणाऱ्या 2020 च्या डापा-सीकेडी अभ्यासात 4304 रुग्ण होते, मधुमेह नसलेलेसुद्धा. मुलाला समोर बसवून हे कागदावर काढून दाखवा, त्याची भीती खरी आहे.

उत्तर 2 (डायलिसिस नर्स):
उलट्या, जुलाब किंवा कडक उपवास असेल तेव्हा गोळी थांबवायची, हे घरच्यांना नक्की सांगा सर. आषाढीला निर्जळ राहणारे पेशंट आम्ही पाहिलेत.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. ते दरवर्षी वारीला जातात, उपवासाचं मी विचारलंच नव्हतं. आजच फोन करतो. डॉक्टरांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट भरले मी, पण ही घट कुणी अशी उलगडून सांगितली नव्हती.