थंडर पुन्हा जिंकेल का? आणि दावेदार ठरवायचा तरी कशावर?

वरळीचा पेसर

मंडळी, 2025 च्या दिवाळी पाडव्याच्या पहाटे पाचला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, नवा सीझन सुरू होतोय. ओक्लाहोमा सिटीत गतविजेत्या थंडरच्या पोरांना विजेतेपदाच्या अंगठ्या मिळणार आणि लगेच ह्यूस्टनशी मॅच. सगळीकडे एकच ऐकतोय, यंदाही थंडरच. मला ते इतकं सरळ वाटत नाही, म्हणून विचारतोय.

2019 पासून बघा: रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स, थंडर. सात वर्षं, सात वेगळे विजेते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 2019 नंतर एकही गतविजेता प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, दुसऱ्या फेरीपुढे गेलेला नाही. लेकर्स 2021 मध्ये पहिल्याच फेरीत गेले. नगेट्स 2024 मध्ये मिनेसोटाविरुद्ध घरच्या कोर्टवर सातव्या, म्हणजे निर्णायक, मॅचमध्ये 20 ने पुढे असून हरले. हे सगळे संघ काय एका उन्हाळ्यात खेळ विसरले?

मी इंडियाना पेसर्सवाला. 4 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि पेसर्स खेळले, ती पहिली मॅच शाळेच्या मुलांसाठी होती आणि आमच्या शाळेचाही नंबर लागला होता. ओव्हरटाइममध्ये पेसर्स 132-131 ने जिंकले, टी. जे. वॉरनने 30 पॉइंट मारले. त्या दिवसापासून माझा संघ ठरला. पुढे 2022 मध्ये याच दोन संघांत अदलाबदल झाली, सबोनिस सॅक्रामेंटोला गेला आणि हॅलिबर्टन आमच्याकडे आला. मुंबईत एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या या दोन संघांनीच माझा सगळ्यात लाडका खेळाडू मला दिला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता मुद्दा. गेल्या प्लेऑफमध्ये पेसर्स साखळीत 50 विजयांचा संघ होता. क्लीव्हलंड 64 चा, त्यांना पाच मॅचमध्ये घरी पाठवलं. थंडर 68 चा, त्यांना फायनलमध्ये सातव्या मॅचपर्यंत ओढलं. आमच्याकडे एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) नव्हता, पण नऊ-दहा माणसं अशी होती की आमचा कोच कार्लाइल कोणालाही कधीही उठवून आत पाठवायचा आणि वेग कमी व्हायचा नाही. फायनलची तिसरी मॅच घ्या: मॅथुरिनचे बेंचवरून येऊन 27 पॉइंट, मॅककॉनेलचे पाच स्टील (समोरच्याचा बॉल हिसकावणं). ती मॅच स्टार्टर्सनी जिंकलीच नाही.

म्हणून माझं मत असं की दावेदार स्टारवरून ठरवूच नये. सातव्या मॅचमध्ये, दोन महिने अंग ठेचून झाल्यावर, कोच छातीवर हात ठेवून किती माणसं आत सोडू शकतो, तो आकडा बघावा. हे पटतंय का? आणि या हिशेबाने तुमचा संघ कुठे बसतो?

नागपाडा 12

भावा, पटतंय, पण अर्धंच. माणसं किती हे खरं, पण ती माणसं बॉल सांभाळतात का? फायनलच्या पहिल्या मॅचला तुमच्या पेसर्सनी पहिल्या हाफमध्येच 19 टर्नओव्हर केले होते, म्हणजे 19 वेळा बॉल गमावला होता. शेवटी 0.3 सेकंद उरले असताना हॅलिबर्टनने तो शॉट घातला आणि 111-110 झालं, म्हणून कोणाच्या लक्षात राहिलं नाही. सातव्या मॅचमध्ये तोच रोग परत आला, 21 टर्नओव्हर. थंडरकडे डॉर्ट, करूसो, वॉलेस असे तीन जण आहेत जे समोरच्याला हाफ कोर्ट ओलांडेपर्यंत दम घेऊ देत नाहीत.

आम्ही नागपाड्याला लहानपणी जे शिकलो ते हेच. शॉट नंतर, आधी दाबात ड्रिबल. सीनियर लोक दोघं-दोघं अंगावर सोडायचे आणि बॉल गेला की बाहेर बसवायचे. थंडरला बघताना मला तेच कोर्ट दिसतं. माझा पैसा त्यांच्यावरच.

मुलुंडचा नगेट

वरळीकर, तुमचा निकष आमच्यावरच जास्त लागू होतो आणि ते बघून त्रास होतो. मे महिन्यात थंडरला सात मॅचपर्यंत आम्हीही नेलं. आमचा योकिच जगात सर्वोत्तम आहे, यात मला शंका नाही. पण बेंचवर हात घातला की हाताला काही लागतच नव्हतं. ॲरन गॉर्डन मांडीचा स्नायू फाटलेला असताना सातवी मॅच खेळला, कारण त्याच्या जागी सोडायला कोणी नव्हतं. 125-93. मी शेवटचं क्वार्टर बघितलंच नाही.

यंदा मात्र ब्रूस ब्राउन परत आलाय, कॅमरन जॉन्सन, व्हॅलनच्युनस, हार्डवे ज्युनियर आलेत. योकिच बाकावर बसल्यावरची दहा मिनिटं नीट गेली तर थंडरला हरवणारा संघ आमचाच.

हिशेबी गिरगावकर

तुम्ही सगळे कोर्टवरचं बोलताय, थोडं पगाराचंही बघा. लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या करारात सेकंड एप्रन आला, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची एक वरची रेषा. ती रेषा ओलांडली की ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, पगाराच्या मर्यादेपलीकडे खेळाडू घ्यायची मिड-लेव्हलची सवलत जाते, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिकही (नवा खेळाडू निवडायचा हक्क) गोठतो, म्हणजे ट्रेड करता येत नाही. सेल्टिक्सचं काय झालं? त्यांच्या टेटमची अकिलीस (टाचेवरची शीर) तुटली आणि त्याच उन्हाळ्यात हॉलिडे व पोर्झिंगिस पगारापायी सोडावे लागले. विजेत्याची आठवी-नववी माणसंही जातात, कारण जिंकल्यावर त्यांचा भाव वाढतो. वरळीचा पेसर ज्या आकड्याबद्दल बोलतोय, तोच आकडा हा नियम खातो.

थंडरचं वेगळेपण इथेच आहे. त्यांच्या चेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्सचे मोठे करार 2026-27 पासून लागू होतात. म्हणजे हे एक वर्ष त्यांना सगळी माणसं स्वस्तात मिळतायत. यंदा नाही तर पुढे कठीण.

वरळीचा पेसर

गिरगावकर, हा पगाराचा धागा माझ्या डोक्यात नव्हता, आभार. टर्नरसारखा 2015 पासून आमच्याकडे असलेला माणूस फायनल खेळून महिन्याभरात मिलवॉकीला का गेला, ते आत्ता नीट कळलं.

नागपाडा दादा, 21 टर्नओव्हर मान्य. पण त्या सातव्या मॅचचं पहिलं क्वार्टर आठवा. हॅलिबर्टन पोटरी दुखावलेली असताना उतरला, तीन थ्री-पॉइंटर घातले आणि मग पडला. सोमवारची पहाट होती, घरातले झोपलेले, मी टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. तो कोर्टवर हात आपटत होता तेव्हाच कळलं की हे साधं नाही. तरी हाफटाइमला आम्ही 48-47 ने पुढे होतो! ते त्या बेंचच्या जोरावर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरने 34-20 केलं, कारण बॉल आणणारा मुख्य माणूस गेला होता आणि मॅककॉनेल 16 पॉइंट मारूनही एकटा किती आणणार. मला तर वाटतं तुमचा मुद्दा आणि माझा इथे एकच होतो: बॉल आणणारीसुद्धा दोन-तीन माणसं लागतात.

यंदा हॅलिबर्टन पूर्ण सीझन बाहेर आहे, त्यामुळे पेसर्सकडून मी विजेतेपद मागत नाही. नेमहार्ड आणि मॅककॉनेलला मात्र प्रत्येक मॅचला बघणार.

विजेता विचाराल तर मी नगेट्स म्हणतो, मुलुंडकरांना बरं वाटावं म्हणून नाही, त्यांनी जी जागा रिकामी होती तीच भरली म्हणून. थंडर दुसऱ्या क्रमांकावर, कारण जेलनच्या मनगटाची शस्त्रक्रिया झालीय आणि गतविजेत्याला प्रत्येक संघ आपली सगळ्यात चांगली मॅच देतो.

ह्यूस्टनबद्दल कोणी बोललं नाही. ड्युरंट आला, उंची भरपूर, पण बॉल आणणाऱ्या व्हॅनव्लीटच्या गुडघ्याचा लिगामेंट गेलाय. पाडव्याला उठणार असाल तर स्कोअर सोडा, डॉर्ट आणि वॉलेससमोर त्यांचा बॉल वर कोण आणतो तेवढं बघा आणि इथे लिहा. माझ्या मते आमेन थॉम्पसन.