सर्व्हरला रिमोट मॅनेजमेंट घ्यावं का? (बजेट ४५ हजार)

भोसरीवाला: नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, राहतो कोथरूडला. टॅली आणि ड्रॉइंगच्या फायली एका जुन्या डेस्कटॉपवर आहेत. गुरुवारी वीज गेली की मशीन बंद, मग वॉचमनमामांना फोन करून बटण दाबायला सांगायचं. कधी काळ्या स्क्रीनवर काहीतरी येऊन अडकतं आणि मामा एकेक अक्षर वाचून दाखवतात, 'एफ, मग एक...' आता टॉवर सर्व्हर घ्यायचाय. डेलचं आयड्रॅक, एचपीचं आयलो वगैरे, म्हणजे घरून सर्व्हर हाताळायच्या सोयीला, जादा पैसे मोजावेत का? ४५ च्या वर जमणार नाही.

पेठेतला: ४५ मध्ये कसला सर्व्हर येतोय! सव्वा लाख टाका, नवा घ्या, आयड्रॅकचं एंटरप्राइझ लायसन्स घ्या. मी मागे सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताखाता मोबाईलवरून ऑफिसचा सर्व्हर रीस्टार्ट केलाय.

चिन्मय_के: एवढं कशाला? टीमव्ह्युअर टाका, घरबसल्या स्क्रीन दिसते. खासगी वापराला फुकट.

रॅकवाला: @चिन्मय, विंडोज सुरू झालं तरच टीमव्ह्युअर चालतं. यांचं घोडं त्याच्या आधीच अडतंय. आयड्रॅक-आयलो म्हणजे बोर्डवरची वेगळी चिप. सर्व्हर बंद असला तरी स्टँडबाय करंटवर जागी असते. बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधीची स्क्रीन घरी दिसते, आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाईल) लावून विंडोजसुद्धा टाकता येतं. पण लाईटच नसेल तर चिपही मेलेली आणि राउटरही. आधी दोघांना यूपीएस बघा.

पेठेतला: यूपीएस कशाला, इन्व्हर्टर घ्या. आमच्याकडे दहा वर्षं चालतोय.

रॅकवाला: घरगुती इन्व्हर्टरवर बदल होताना झटका बसला तर पीसी रीस्टार्ट होतो. पंख्याला चालतं हो ते.

जुना_बाजार: तपकीर गल्लीत विचारून बघा, रिफर्बिश्ड एचपी मायक्रोसर्व्हर जेन८ मिळाला तर सोडू नका. आयलो ४ बोर्डवरच आहे. साध्या जेन१० मध्ये आयलो नाहीच, जेन१० प्लसला किट वेगळं घ्यावं लागतं. माझा पाच वर्षं कपाटावर पडून आहे, कुरकुर नाही. (विकणार नाही, व्यक्तिगत निरोप पाठवू नये.)

स्वप्ना_डी: विक्रेता 'आयलो आहे' म्हणाला की 'ॲडव्हान्स्ड लायसन्स आहे का' हे विचारा. नुसत्या स्टँडर्डवर रिमोट स्क्रीन ओएस (विंडोज वगैरे) सुरू होईपर्यंतच चालते. तुमची अडचण तेवढीच असेल तर तेही पुरेल म्हणा. आणि फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) आधी बदला! आयलो ४ च्या जुन्या फर्मवेअरमध्ये २९ वेळा 'ए' पाठवला की पासवर्ड न देता आत शिरता यायचं. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून ठेवू नका, व्हीपीएनमधूनच, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणीतूनच जा. आमच्या एका क्लायंटने उघडा ठेवला होता, शनिवार-रविवार माझे गेले.

पेठेतला: म्हणूनच म्हणतो, नवीन घ्या.

होमलॅबी: पायकेव्हीएम कोणीच कसं सुचवलं नाही? रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, स्क्रीन पकडायला एचडीएमआय कॅप्चर, कीबोर्डसाठी यूएसबी. आहे त्याच डेस्कटॉपची बायोस स्क्रीन घरी दिसते. पॉवर बटणाच्या वायरी जोडल्या की मामांना सुट्टी.

चिन्मय_के: +१ पायकेव्हीएम. टीमव्ह्युअरसोबत.

गप्पीदास: अवांतर: कोथरूड ते भोसरी रोज जाता? नाशिक फाट्याला किती वेळ जातो?

स्वप्ना_डी: धागा भरकटतोय. भोसरीवाला, बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं काही आहे का बघा. 'पॉवर ऑन' केलं की वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. 'हॉल्ट ऑन' दिसलं तर 'नो एरर्स' करा, म्हणजे कीबोर्ड नाही म्हणून अडून बसणार नाही. याला शून्य रुपये.

भोसरीवाला: सगळ्यांचे आभार. स्वप्नाताईंनी सांगितलेलं दोन्ही केलं, काल वीज गेली-आली, मशीन आपसूक वर आलं. सर्व्हर रद्द. यूपीएस आणि नवी एसएसडी घेतली, उरलेल्या पैशात वर्कशॉपला कॉम्प्रेसर. मामांचा फोन आहेच. @गप्पीदास, सकाळी आठच्या आत निघालं तर पाऊण तास, नंतर विचारू नका.

पेठेतला: वर्षभरात परत याल इथे.

चिन्मय_के: मग टीमव्ह्युअर टाकलं की नाही?