भावाच्या पिटिशनला डीएनए चाचणी?

नमस्कार मंडळी,
भावाला अमेरिकेत आणायला भरलेल्या आय-१३० अर्जावर तिथल्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलंय. त्याची जन्मनोंद फार उशिरा झालेली, म्हणून डीएनएचा पर्याय सुचवलाय. सक्ती नाही म्हणतात. पूर्वज शोधायचं एक किट घरात पडून आहे, त्याच्यावर भागेल का? आई माझ्याकडेच असते.
— तुमची खजिनदार

खजिनदारबाई,
ते किट कपाटातच राहू द्या. थुंकी नक्की कोणाची, हे बघायला घरी तिऱ्हाईत कोणी नसतं. एएबीबी या अमेरिकी संस्थेची (ती अशा लॅब तपासून मान्यता देते) मान्यता असलेली लॅब तुम्ही निवडायची, पैसे तुम्ही भरायचे, पुढे मात्र कशाला तुमचा हात लागता कामा नये. भावाचं किट लॅब परस्पर त्याच्याकडच्या अमेरिकी दूतावासाकडे पाठवते. तिथे ओळखपत्र बघून, साक्षीदारासमोर गालाच्या आतून बोळा फिरवतात. पाकीट सीलबंद होऊन लॅबकडे जातं आणि निकालही लॅबच थेट कळवते.

आणि आई आहे म्हणता, मग नुसती भावंडांची चाचणी कशाला? आई-मुलात निम्मा डीएनए हमखास जुळतो, त्यामुळे नातं खरं असल्याची ९९.५ टक्के खात्री हवी, ही अट सहज पार होते. भावंडांत तो सरासरीने निम्मा, कुठे कमी कुठे जास्त; सख्खं की सावत्र हेही कधी कधी धड कळत नाही. अमेरिकेच्या नियमाला एक सामाईक पालक पुरतो. आई दोघांची ठरली की काम झालं.
— माजी अध्यक्ष

काका,
वडील हयात नसलेल्यांनी लगेच हाय खाऊ नये. १९८५ साली ब्रिटनमध्ये अशा कामात पहिल्यांदा डीएनए वापरला, तेव्हाही वडिलांचा नमुना नव्हता. घानाहून ब्रिटनला परतलेला मुलगा तिथल्या एका बाईचाच, की तिचा भाचा, असा अधिकाऱ्यांचा संशय. डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत शोधणारे शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी आई आणि तीन भावंडांच्या नमुन्यांवरून वडिलांच्या खुणा जुळवल्या, आणि तो मुलगा तिथेच राहिला.

एक नाजूक गोष्ट. दत्तक मुलाच्या बाबतीत ही चाचणी निरुपयोगी, तिथे दत्तकपत्रच लागतं. घरात असं काही झाकलेलं असेल, तर बोळा फिरवण्याआधी आईशी बोला. अहवाल आल्यावर तो खात्यालाही कळलेला असतो.
— ग्रंथालयवाली

दोघांचेही आभार. आई तयार आहे. उद्या लॅबला फोन करते, पत्रातली मुदत जवळ आलीय.
— खजिनदार