मदत हवी आहे: तेरवाड बंधाऱ्यात मासे मेले तर पाण्याचा नमुना नेमका कसा घ्यायचा?

नदीकाठ
पंचगंगेवर इचलकरंजीच्या खाली तेरवाड बंधाऱ्यापाशी मासे तरंगू लागले की फोटो निघतात, बातमी येते आणि विषय संपतो. या खेपेला गावातर्फे पाणी तपासून लेखी तक्रार करायची आहे. खाजगी प्रयोगशाळा म्हणते, 'दोन लिटर आणून द्या.' तेवढ्यावर भागेल का? पाणी कुठून आणि किती वाजता घ्यावं? आमच्या अहवालाला प्रदूषण नियंत्रण मंडळ किंमत देईल का? हाताशी टीडीएसचा पेन आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आहेत. जाणकारांनी सांगावं.

टायट्रेशन
टीडीएसचा पेन घरीच राहू द्या. तो क्षार सांगतो, आणि इथे बहुतेक वेळा मासे मरतात ते पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे. एकाच बाटलीत दोन लिटर नेलंत तर नेमका तोच आकडा हातचा जाईल, कारण वाटेत जिवाणू उरलासुरला प्राणवायू खातात किंवा बाटलीतली हवा पाण्यात मिसळते. प्रत्येक ठिकाणी चार बाटल्या भरा.

१. विरघळलेला प्राणवायू (डीओ): ३०० मिलीची काचेची बीओडी बाटली, बुडबुडा न ठेवता भरलेली. काठावरच २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड तळाशी सोडा, बूच लावा, उलटसुलट करा. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास शून्य. त्या पांढऱ्या साक्याचा फोटो तिथेच काढा. अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला.
२. बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात ते): १ लिटर, काठोकाठ, काहीही न घालता बर्फात. २४ तासांच्या आत पोहोचवा.
३. सीओडी (घाण रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागतो ते) आणि अमोनिया: ५०० मिली, सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २च्या खाली.
४. कॉलिफॉर्म (मैल्याची खूण सांगणारे जिवाणू): निर्जंतुक बाटली. विसळायची नाही, वर बोटभर जागा सोडायची, शक्यतो ६ तासांत पोहोचवायची.

पीएच आणि पाण्याचं तापमान जागेवरच मोजून लिहा. पीएच आणि तापमान वाढलं की तेवढाच अमोनिया जास्त जहाल होतो. हे दोन आकडे नसतील तर अमोनियाचा आकडा अर्धाच राहतो.

बरगेवाला
वरचं सगळं बरोबर, पण जागा आणि वेळ चुकली तर चारही बाटल्या वाया. बंधाऱ्याच्या खाली पाणी आपटतं, हवा मिसळते, डीओ वाढतो आणि अहवाल सांगतो की नदी ठणठणीत आहे. बंधाऱ्याच्या वरच्या साठ्यातून, प्रवाहाच्या मधून, पृष्ठभागाच्या फूटभर खालून घ्या. जोडीला नदीत येणाऱ्या सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी एक आणि नाल्याच्या वर नदीत एक. वरचा नमुना नसेल तर 'घाण आधीपासूनच होती' या उत्तराला तुमच्याकडे तोड नाही.

वेळ पहाटेची, सूर्य उगवायच्या आधी. दुपारी पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे १ वाजताचा आकडा फसवा असतो. उन्हाळ्यात गणित मुळातच तंग: २० अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. प्रवाह आटलेला आणि वरून मैला. मग पहाटे काय उरणार?

बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या) कधी काढले, वरून पाणी कधी सोडलं, हेही पाटबंधारे खात्याकडून लेखी घ्या. साचलेला काळा गाळ एकदम सुटला तरी मासे मरतात.

मेलेले मासेही वाचता येतात. मरळ वर येऊन हवा घेते. चिलापी, रोहू मेले आणि मरळ जिवंत, तर प्राणवायूचा संशय. मरळही उलटली असेल तर विषारी रसायन शोधा. तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले मासे ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून गोठवा. फुगलेले, कुजलेले मासे काही कामाचे नाहीत.

कलम_एकवीस
मंडळ अहवालाला किंमत देईल का, त्याबद्दल. जल प्रदूषण कायदा १९७४च्या कलम २१प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा खटल्यात चालणारा नमुना मंडळाचा अधिकारीच घेतो: नोटीस, दोन भाग, सील, सही. तुमचा अहवाल त्याची जागा घेणार नाही, पण अधिकाऱ्याला काठावर आणायला उपयोगी पडेल. म्हणून मासे दिसताच फोन आणि ईमेल दोन्ही करा, वेळ नोंदवा, तलाठी आणि ग्रामपंचायतीसह संयुक्त पंचनामा मागा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी आणि ती मान्यता याच चाचण्यांसाठी आहे ना, तेही पाहा.

तुलनेसाठी आंघोळीच्या पाण्याचे निकष: डीओ किमान ५, बीओडी कमाल ३ मिलीग्रॅम प्रतिलिटर.

ज्या कारखान्यावर संशय आहे त्याला प्रदूषण मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. किती घनमीटर सांडपाणी, कुठे सोडायचं, हे त्यात असतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात लवादाच्या कायद्याच्या कलम १४खाली जायचं तर कारण घडल्यापासून ६ महिने मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. मंडळाच्या उत्तराची वाट पाहत ही मुदत घालवू नका.

नदीकाठ
आभार. आम्ल आणि ती रसायनं गावात कुठून आणायची?

टायट्रेशन
आणू नका. आदल्या दिवशी प्रयोगशाळेकडूनच तयार बाटल्या मागून घ्या. आम्लाची बाटलीही विसळायची नाही आणि ओतू जाईल इतकी भरायची नाही. डीओची दोन रसायनं ड्रॉपर किंवा सिरिंजसकट मागा, तोंडाने ओढायची नाहीत. काठावर रसायन घातलेली डीओची बाटली अंधारात ठेवून ८ तासांत टायट्रेशनला (प्राणवायू मोजायच्या चाचणीला) द्या. थर्माकोलच्या पेटीत बर्फ फोडून भरा, आणि लेबल पेन्सिलने लिहा. ओल्या बाटलीवर शाई फुटते आणि तीन ठिकाणांच्या बारा बाटल्यांत कुठली नाल्याची, तेच कळत नाही.